‘घरचंच काम आहे’ म्हणणारे साहेब आणि मान डोलावणारी पोरं

(पोस्ट लांब आहे. घरात कॉम्प्युटरवर कामं घेणारं पोरगं असेल, किंवा तुमची स्वतःची शाळा, पतसंस्था, दवाखाना, दुकान, न्यूज पोर्टल असेल, तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला पाठवा.)

“अरे, घरचंच काम आहे. तू करून टाक, पैशाचं बघू नंतर.”

आपल्या तालुक्यातल्या कितीतरी वेबसाईट या एका वाक्यावर उभ्या आहेत. वाक्य बोलणारा कधी संस्थेचा अध्यक्ष असतो, कधी मोंढ्यातला शेठ, कधी डॉक्टर, कधी नगरसेवक. ऐकणारा असतो बीसीए नाहीतर बीसीएस झालेला, पुण्याला नोकरी लागेपर्यंत गावात काहीतरी हातपाय हलवणारा पोरगा. तो मान डोलावतो, कारण समोर ‘सर’ असतात, ‘काका’ असतात, बापाची ओळख असते. किती पानं, किती पैसे, कधी द्यायचे, साईट कुणाच्या नावावर, यातलं काहीही ठरत नाही. चहा होतो आणि काम सुरू होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. याला आपण विश्वासाचा व्यवहार म्हणतो, पण तो तसा नाही. यात सगळी जोखीम कमजोर माणसाच्या गळ्यात घातली जाते आणि त्याला वर ‘विश्वास’ असं गोड नाव दिलं जातं. आणि ज्यांना वाटतं की कागद न करता आपले पैसे वाचले, त्या साहेबांच्या पायाखालीही तेवढाच मोठा खड्डा आहे. फक्त त्यांना तो अजून दिसलेला नाही.

मी वकील नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या देणारा माणूस आहे. कोर्टाच्या आवारात उभं राहून जे कळलं आणि कायद्याची पुस्तकं उघडून जे पडताळलं, तेवढंच लिहितोय.

आधी हे बघा, की आपण काय काय लिहून घेतो.

मोंढ्यात सोयाबीनची चार पोती उतरली तरी शेतकऱ्याला पट्टी मिळते. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं त्यात असतं. जनावरांच्या बाजारात पावती फाडल्याशिवाय बैल हलत नाही. लग्नाचा बँड ठरवताना इसार देतो आणि तारीख लिहून घेतो. मंगल कार्यालयवाला पातेली, झारे, गाद्या मोजून देतो आणि परत घेताना एक गादी कमी भरली तर पैसे कापतो. टपरीवर उधारीची वही असते, भिशीला वही असते. जमिनीचं तर सोडाच, सख्ख्या बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतो आणि नोंदणी कार्यालयात नेऊन तिचा अंगठा उठवतो. तेव्हा कुणी म्हणत नाही, की बहीण-भावात कागद कशाला?

मग वेबसाईटच्या कामालाच एवढा विश्वास कुठून येतो?

कारण आपल्या डोक्यात अजून ते काम नाहीच. भिंत बांधली तर विटा दिसतात. पोरगं रात्री दोनपर्यंत जागून जे करतं त्यात काही दिसत नाही. ‘नुसता बसून बटणं तर दाबतो, त्याला काय पैसे?’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तेही लाखाची देणगी घेणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात. जे काम वाटत नाही त्याचा दाम ठरवावासा वाटत नाही, आणि जो दाम ठरला नाही तो बुडवताना मनालाही लागत नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, स्टॅम्प पेपर नाही म्हणजे करारच नाही. दुसरा, व्हॉट्सॲपवर बोलणं झालंय म्हणजे सगळं पक्कं.

दोन्ही चूक.

आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्यात तोंडी करारही करार असतो. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं कायदेशीर कामाचा व्यवहार ठरवला, की करार झाला. त्याच कायद्याचं कलम ७० तर पुढचं सांगतं. एखाद्यानं दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याला मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या बी. के. मंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदारानं बांधकाम केलं, रीतसर करार नव्हता म्हणून सरकारनं हात वर केले, तरी पैसे द्यावे लागले. निकाल साठ वर्षांहून जुना आहे. म्हणजे ‘कागद कुठंय?’ असं विचारून हसणाऱ्या साहेबांनी फार हसू नये.

मग कागद कशाला हवा? सिद्ध करायला. हक्क असतो, पुरावा नसतो, आणि कोर्टात पुराव्यावाचून हक्काचं काही होत नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशी बरीच पोरं येऊन बसली. नावं लिहीत नाही, संस्थांचीही नाही. पण गोष्ट जवळजवळ एकच असते. सांगितली होती पाच पानांची साईट. मग सर म्हणाले, ॲडमिशनचा फॉर्म टाक. मग फी ऑनलाईन घे. मग निकाल टाक. मग पंधरा ऑगस्टचं बॅनर, मग अध्यक्षांच्या वाढदिवसाचं बॅनर, मग अध्यक्षांच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाचं. आठ महिने गेले. पोरानं घाबरत घाबरत पंचवीस हजार सांगितले. सर म्हणाले, “पाच पानांचे पाच हजार ठरले होते ना?” दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? कदाचित कुणीच नाही. ठरलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या सोयीचं आठवतं.

असा दावा कोर्टात गेला की पोराला तीन अडचणी येतात.

पहिली मुदतीची. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशासाठी काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ‘देतो रे, मार्चनंतर देतो’ असं तोंडी ऐकत बसलात तर मुदत वाढत नाही. त्यासाठी देणेकऱ्याची सही असलेली लेखी कबुली लागते, आणि तीही तीन वर्षं संपायच्या आत. आपल्याकडे ‘मार्चनंतर’ म्हणता म्हणता तीन मार्च सहज निघून जातात.

दुसरी अडचण वेगाची. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३७ खाली जलद दाव्याची सोय आहे. त्यात समोरच्याला बचाव करायलाही कोर्टाची परवानगी मागावी लागते. पण ती सोय आहे हुंडी, वचनचिठ्ठी आणि लेखी करारातल्या ठरलेल्या रकमेसाठी. तोंडी व्यवहाराला ते दार बंद. मग नेहमीचा दावा, नेहमीच्या तारखा.

तिसरी पुराव्याची. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट काढून झेरॉक्स मारून दिल्या की झालं, असं पोरांना वाटतं. इथे आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न होता उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र सोबत हवंच. मूळ मोबाईल किंवा लॅपटॉपच घेऊन त्याचा मालक साक्षीला उभा राहिला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा हे पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. आणि आपली पोरं काय करतात? नवा मोबाईल घेतला की जुना शंभर रुपये कमी करून दुकानदाराला देऊन टाकतात. पुरावा गेला.

इथपर्यंतची गोष्ट पैसे बुडण्याची होती. ते दुखतं, पण माणूस त्यातून उठतो. खरी भीती पुढे आहे, आणि ही पोस्ट मुख्यतः त्यासाठी आहे.

पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर पोरगं काय करतं? पासवर्ड त्याच्याकडेच असतो. रात्री लॉगिन करतं आणि साईट बंद करतं. काही बहाद्दर तर साईटवर लिहून ठेवतात, ‘या संस्थेनं माझे पैसे बुडवले.’ मित्र टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी साहेब थेट पोलीस ठाण्यात.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ वाचा. मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणक प्रणालीत शिरणं, माहिती पुसणं, बदलणं, काम बंद पाडणं, अधिकार असलेल्या माणसाला आत येऊ न देणं, हे सगळं त्यात आहे. नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं, तर कलम ६६ लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, पण दखलपात्रही आहे. म्हणजे पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात.

पोरगं म्हणेल, “साईट मीच केली, पैसे दिले नाहीत, मग ती माझीच.” हा बचाव अगदीच पोकळ नाही. पण ‘मालक कोण’ आणि ‘परवानगी कुठपर्यंत होती’ हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मग ते ठरणार तपासात आणि कोर्टात. तोपर्यंत लॅपटॉप जप्त, त्यातली बाकीच्या गिऱ्हाइकांची कामं अडकलेली, आणि पुण्याच्या कंपनीनं चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की बापाचा चेहरा बघवत नाही. पंचवीस हजार ज्याला यायचे होते तो आरोपी, आणि ज्यानं बुडवले तो फिर्यादी. कायदा वाकडा आहे म्हणून हे होत नाही. कागद नव्हता म्हणून होतं.

पोरांनो, हे पक्कं लक्षात ठेवा. पैसे अडकले म्हणून साईट बंद करू नका, मजकूर पुसू नका, पासवर्ड बदलू नका. नोटीस पाठवा. जो राग तुम्ही कीबोर्डवर काढता, तोच समोरच्याच्या हातात शस्त्र म्हणून जातो.

आता साहेबांकडे वळतो.

अध्यक्ष महोदय, तुम्हाला वाटतं पैसे दिले, साईट तुमची झाली. कॉपीराईट कायदा १९५७ तसं म्हणत नाही. कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्या कायद्यात साहित्यकृती धरला जातो, आणि कृतीचा पहिला मालक ती करणारा. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलं तर मालकी मालकाची. पण हे पोरगं तुमच्या पगारपत्रकावर आहे का? नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी साधारणपणे पैसे देणाऱ्याकडे जाते, कोडची जात नाही. कोडचे हक्क तुमच्याकडे यायला हक्क देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच समजले जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. म्हणजे पैसे पूर्ण देऊनही तुमच्याकडे फार तर साईट वापरायची परवानगी आहे. उद्या तीच दुसऱ्याला सुधारायला दिली आणि पहिल्यानं हरकत घेतली, तर उत्तर द्यायला कागद शोधत बसाल.

दुसरं डोमेनचं. साईटचं नाव ज्याच्या ईमेलवर आणि ज्याच्या कार्डवर नोंदलंय, रजिस्ट्रार त्यालाच ओळखतो. तुमच्या संस्थेचा पन्नास वर्षांचा नावलौकिक रजिस्ट्रारला माहीत नसतो. पोरगं पुण्याला गेलं, नंबर बदलला, नूतनीकरण राहिलं, आणि नाव सुटलं. सुटलेली नावं जुगाराच्या जाहिरातीवाले उचलतात. मग मुलींच्या शाळेच्या नावाच्या पत्त्यावर रमी खेळा म्हणून जाहिरात दिसते आणि सर मला फोन करतात, “बातमी करू नका हो.” नाव परत मिळवायला .इन डोमेनसाठी वेगळी तंटा निवारण पद्धत आहे, पासिंग ऑफचा दावाही लावता येतो. डोमेन नावालाही असं संरक्षण मिळतं हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात मान्य केलंय. पण वर्षाला हजारभर रुपयांचं नाव वाचवायला वकिलाची फी भरायची, यात कसली आली बचत?

तिसरं माहितीचं, आणि हे सगळ्यात गंभीर आहे. तुमच्या ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये पोरांचे आधार क्रमांक आहेत, आयांचे मोबाईल नंबर आहेत, जातीचे दाखले आहेत. पतसंस्थेच्या साईटवर कर्जदारांचे कागद आहेत. ते सगळं एका पोराच्या लॅपटॉपवर ‘न्यू फोल्डर’ नावाच्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्याच्या कलम ८ मध्ये लिहिलंय, की आपल्या वतीनं लोकांची माहिती हाताळायचं काम बाहेरच्याला द्यायचं तर वैध करार करूनच द्यावं. आणि बाहेरच्यानं चूक केली तरी जबाबदारी तुमचीच. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तालुक्याच्या शाळेला कुणी २५० कोटी लावणार नाही, हे मलाही कळतं. पण ‘आमचा एक पोरगा बघतो ते’ हे उत्तर यापुढे चालणार नाही, एवढं तुम्हाला कळलं तरी पुरे.

आमच्या धंद्यातलंही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार दुसऱ्यांनाच शिकवतो. गल्लोगल्ली न्यूज पोर्टल निघालीत. संपादकाचं नाव मोठ्या अक्षरात, पण डोमेन आणि होस्टिंग त्या पोराच्या नावावर. बदनामीची किंवा दोन समाजांत तेढ लावणारी बातमी लागली, की तपासात सायबर पोलिसांच्या हाताला पहिलं नाव लागतं ते नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचं. ज्यानं बातमी लिहिली नाही, वाचलीही नाही, त्याला ठाण्यात बसावं लागतं. संपादक महाशय तोवर ‘मी फक्त सल्लागार’ म्हणून मोकळे. तसंच गूगलवरून उचललेल्या फोटोंचं. फोटो कुणी आणायचे हे ठरलेलं नसतं, पोरगं सापडेल तो लावतं, आणि नोटीस आली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. जाणूनबुजून कॉपीराईट मोडल्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. आता अकरावी-बारावीची पोरंही साईट करून देतात. हुशार आहेत, कौतुक आहे. पण अठरा वर्षांखालच्याशी केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे करार म्हणून तुमच्या हातात काहीच उरत नाही. पालकांना सोबत घ्या, नाहीतर अजाण पोराच्या हाती लोकांचे आधार क्रमांक देऊ नका.

आता तुमच्या हरकती मला ठाऊक आहेत.

“छोटं काम आहे हो, आठ-दहा हजारांचं.” मग छोटा कागद करा. मोठा करा असं कोण म्हणालं? दहा हजार साहेबांना एका जेवणावळीचे असतात, पोराच्या घरी ते दोन महिन्यांचा किराणा असतात.

“वकील परवडत नाही.” वकील लागत नाही. ईमेलवर ठरलेला व्यवहारही करार ठरतो, रीतसर मसुद्यावर सही व्हायची राहिली तरी. २०१० च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलंय, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ मध्येही इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झालेला करार वैध धरलाय.

“कागद काढला तर समोरचा म्हणेल, पोरगं शहाणं झालं. काम दुसऱ्याला देईल.” ही हरकत खरी आहे, आणि मी ती उडवून लावणार नाही. गावात एकट्यानं नियम काढला की तो आगाऊ ठरतो. बाप सांगतो, “त्यांच्याशी वाकडं नको, तुझ्या बहिणीची ॲडमिशन तिथंच करायचीय.” हाच तो जोर आहे ज्याच्यावर हे सगळं चालतं, आणि म्हणूनच मी याला विश्वास म्हणायला तयार नाही. जिथं एक माणूस नाही म्हणू शकत नाही, तिथं दुसऱ्यानं विश्वासाच्या गोष्टी करू नयेत.

यावर उपाय एकच, सगळ्यांनी एकदम लिहायला लागणं. तालुक्यात हे काम करणारी पोरं किती असतील? एका चहाच्या टेबलाभोवती मावतील. एकदा बसा आणि ठरवा, की इसार आणि लेखी निरोप याशिवाय कुणीच काम सुरू करायचं नाही. बँडवाल्यांनी हे कधीच ठरवलंय. त्यांना कुणी आगाऊ म्हणत नाही.

काय लिहायचं, तेही देतो. पुढचा मजकूर उचला, नावं-आकडे बदला, ईमेलनं पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका:

“सर, आज ठरल्याप्रमाणे. आपल्या शाळेची वेबसाईट, पाच पानं, मराठी आणि इंग्रजी. मजकूर आणि फोटो शाळा देईल, ते वापरायचा हक्क असल्याची जबाबदारी शाळेची. एकूण १८,००० रुपये. ७,००० सुरुवातीला, ७,००० नमुना दाखवल्यावर, ४,००० साईट सुरू झाल्यापासून १५ दिवसांत. डोमेन आणि होस्टिंग शाळेच्या नावावर आणि शाळेच्या खर्चानं. दोन वेळा दुरुस्ती यात धरली आहे, त्यापुढचं काम वेगळ्या दरानं, आधी लिहून ठरवून. विद्यार्थ्यांची माहिती फक्त या कामापुरती वापरीन आणि काम संपल्यावर माझ्याकडची प्रत पुसून टाकीन. हप्ता थकला तर कळवून पुढचं काम थांबवीन. पूर्ण पैसे मिळाल्यावर सगळे पासवर्ड आणि कोडचे हक्क दिल्याचा सही केलेला कागद देईन. मान्य असल्यास ‘मान्य’ एवढं उत्तर पाठवा.”

एवढंच. दीड मिनिटात वाचून होतं. ‘मान्य’ लिहायला ज्या साहेबांचं बोट जड होतं, त्यांचं काम घेऊच नका. ते पैसे देताना बोट आणखी जड होतं. काम वाढलं की प्रत्येक वेळी असाच दोन ओळींचा निरोप. बिल द्या, पैसे खात्यावर घ्या, रोख घेतले तर पावती द्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा, जुना मोबाईल जपून ठेवा. मोठ्या कामाला स्टॅम्प पेपरवरच करार करा. मुद्रांक कमी पडला तरी करार रद्द होत नाही, पण कोर्टात दाखवण्याआधी कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो.

आणि एक काम आजच करा. उद्यम नोंदणी. आधारवर होते, फुकट होते, सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊ नका. पहिलं काम घ्यायच्या आधीच करून ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्याचे पैसे ठरलेल्या दिवशी द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार घरबसल्या ऑनलाईन करता येते, ती सुविधा परिषदेकडे जाते. तिथंही वेळ लागतो, फार आशा दाखवत नाही. पण परिषदेचं पत्र आलं की साहेबांचा सीए स्वतःच त्यांना समजावतो.

रक्कम लहान असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. दावा लावायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथं झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं आणि त्यावर अपील नाही.

शेवटी तीन मागण्या, नाव न घेता पण ज्यांना कळायचं त्यांना कळतील अशा.

आपल्या गावातल्या कॉलेजांनी बीसीए-बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला एक तासाचं व्याख्यान ठेवावं, स्थानिक वकील संघाला बोलवावं. जावा आणि पायथन शिकवता, तसं बिल करायलाही शिकवा. व्यापारी मंडळींनी आपल्या सभासदांना सांगावं, की वेबसाईटच्या कामाचीही पट्टी द्यायची. आणि संस्थाचालकांनी, सरपंचांनी, नगरसेवकांनी लक्षात ठेवावं, की लोकांच्या पैशातून होणाऱ्या कामाचा आदेश लेखीच असायला हवा. ‘आमच्या पोरानं फुकट करून दिलं’ असं भाषणात सांगणं म्हणजे कौतुक नव्हे. एका तरुणाची मजुरी बुडवल्याची ती जाहीर कबुली आहे, आणि कलम ७० वाचलेला एखादा पोरगा उद्या ते भाषण मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवेल.

ज्यांचे पैसे आज अडकलेले आहेत त्यांनी कमेंटमध्ये संस्थेचं नाव लिहू नये. बदनामीचा दावा अंगावर येईल, ते वेगळंच. काम कधी संपलं ती तारीख बघा, तीन वर्षं कधी भरतात ते मोजा, आणि उरलेल्या दिवसांत वकिलाला भेटा.

वकील मित्रांनो, कुठं चुकलं असेल तर कमेंटमध्ये दुरुस्ती करा, पोस्टमध्ये तुमच्या नावानिशी जोडतो. बाकीच्यांनी शेअर करा. कॉपी केली तरी चालेल, पण तो मधला मजकूर तोडू नका. तोच कामाचा आहे.